आशेरची झिलई

हॅनाबाई झिराडकरांच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. लंडनमधल्या ईलिंगच्या त्या गल्लीत इतकी भांडी घासणारी बाई दुसरी सापडायची नाही. मुलानं हौसेनं डिशवॉशर घेऊन दिला, तर बाईंनी त्यात तांदळाचे नि डाळींचे डबे रचून ठेवले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेच्या किचनमध्ये नोकरी केली, आणि तिथले टोपसुद्धा असे लखलखीत ठेवले की इन्स्पेक्शनला आलेली माणसं वाकून वाकून बघायची. स्वच्छतेचा हा सोस आधीच सांगून ठेवलेला बरा. पुढे जे झालं ते ह्याच हातांनी झालं, आणि त्यात कुणी वाकडा हेतू शोधू नये.

त्यांचा एकुलता एक मुलगा आशेर. हा कौन्सिलच्या पार्किंग विभागात होता, म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या नि वर ‘थँक यू’ म्हणायचं. चाळिशी उलटल्यावर डोकं शांत राहावं म्हणून तो ब्रेंटफर्डला ग्वेन नावाच्या बाईकडे मातीकामाच्या संध्याकाळच्या क्लासला जायला लागला. इथवर ठीक होतं. आई म्हणाली, बरं झालं, पबात जाण्यापेक्षा बरं. पण एकदा बायकोबरोबर तो म्युझियममध्ये गेला आणि तिथं काचेच्या कपाटात त्यानं एक चिनी वाडगा पाहिला. मुठीएवढा, काळाभोर, नि काठापासून तळाकडे गंजाच्या रंगाच्या बारीक बारीक रेघा ओघळलेल्या, सशाच्या अंगावरच्या लवेसारख्या. दक्षिण चीनमधल्या कुठल्याशा डोंगराळ गावी नऊशे वर्षांपूर्वी चहासाठी केलेला. आशेर त्याच्यासमोर इतका वेळ उभा राहिला की बायको कॅफेत जाऊन, चहा पिऊन, परत आली तरी हा आपला तिथंच.

झालं, त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना.

आता ही भांडी म्हणजे आपल्या घरातल्या कपबश्या नव्हेत. जाड, काळपट माती, आणि ती भट्टीत इतकी कडक भाजायची की तिचा दगड होतो. वरची झिलई कशाची, तर लाकडाची राख, माती नि लोखंडाचा गंज. सगळं पाण्यात कालवायचं, एकदा भाजून घेतलेलं कोरं भांडं त्यात बुडवायचं, आणि पुन्हा भट्टीत ठेवायचं. ऐकायला किती सोपं. आशेरनं त्यात चार वर्षं घातली. कधी काळं यायचं पण रेघा नाहीत, कधी रेघा यायच्या पण रंग काकवीसारखा. ग्वेन म्हणायची, छान आहे की. हा म्हणायचा, नाही जमलं. न जमलेलं एकही भांडं त्यानं घरी आणलं नाही, बायको रुसली तरी आणलं नाही. सगळं फोडून ग्वेनच्या मागच्या अंगणातल्या खड्ड्यात.

गेल्या हिवाळ्यात हॅनाबाईंच्या बागेतलं सफरचंदाचं झाड किडलं नि तोडावं लागलं. ते त्यांच्या नवऱ्यानं, एलिजानं, लावलेलं. एलिजाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. बाईंना ते लाकूड कुणा परक्या माणसाच्या ट्रकमध्ये चढलेलं बघवेना. आशेर म्हणाला, “मम्मी, मी जाळतो. मला राख पाहिजे.” मग त्यानं बागेतच ते जाळलं. धुरानं शेजारी वैतागला, त्यानं कौन्सिलकडे तक्रार केली, आणि कौन्सिलच्याच माणसाला कौन्सिलचं पत्र आलं. त्यावरून मायलेक कितीतरी दिवस हसत होते. ती राख त्यानं धुतली, चाळली, डेव्हनला सुट्टीवर गेला असताना खणून आणलेली माती तिच्यात मिसळली. हा माणूस काही मोजायचा नाही नि लिहायचा नाही. नखावर घासून बघायचा, बोटांत चोळायचा, मग मूठभर हे नि चिमूटभर ते. त्याचा हॅनवेलचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, तिथं पाय ठेवायला जागा नाही, म्हणून सगळा पसारा आईच्या शेडमध्ये.

त्या रविवारी त्याची बायको अक्षया पुण्याला होती, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. आशेर सकाळीच आला, शेडमध्ये काहीतरी ढवळत बसला, मग हात धुऊन नारळाच्या रसातली मासळी नि भात जेवला. जेवताना म्हणाला, “मम्मी, ह्या वेळेला राख बरोबर झाला वाटतं.” इथं जन्मलेला मुलगा, त्याच्या मराठीत राखही ‘तो’ आणि चमचाही ‘ती’. अक्षया त्याला सुधारायची. हॅनाबाईंनी कधी सुधारलं नाही, त्यांना तसंच गोड वाटायचं. मग छातीत जळजळतंय म्हणून तो सोफ्यावर आडवा झाला. बाईंनी भांडी घासली, ओटा पुसला, चहा टाकला आणि हाक मारली. तो उठला नाही. चव्वेचाळीस वर्षांचा धडधाकट मुलगा, आणि आईनं हाक मारली तर उठला नाही.

अॅम्ब्युलन्सची माणसं आली, त्यांनी करायचं ते केलं नि शेवटी मान हलवली. सिनेगॉगची माणसं यायला अजून वेळ होता. घरात हॅनाबाई आणि चादरीखाली आशेर. आता काय करायचं? रडू येत नव्हतं. हातांना काम हवं होतं. तेव्हा त्यांना आत्याची आठवण झाली. भायखळ्याला आजोबा गेले तेव्हा आत्यानं पहिली गोष्ट काय केली असेल, तर घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकलं होतं. माठ, कळशी, तांब्या, काही ठेवलं नाही. मृत्यूचा दूत आपली सुरी घरातल्या पाण्यात धुतो, म्हणून मयताच्या घरात साठलेलं पाणी ठेवायचं नाही, भांडी रिकामी करून पालथी घालायची. कोकणातल्या ज्यू घरांत हे सगळ्यांना ठाऊक. इथल्या पोरांना काय ठाऊक असणार?

हॅनाबाई उठल्या. किटली ओतली, फिल्टरचा जग ओतला, फुलदाणीतलं पाणी, इस्त्रीतलं पाणी, गरम पाण्याची रबरी पिशवी. मग मागच्या दारानं बागेत गेल्या, झाडांना घालायची झारी ओतली. मग शेड. तिथं कोपऱ्यात झाकण लावलेली एक मोठी बादली होती. झाकण काढलं तर वर नितळ पाणी. त्यांनी ती बादली ओढत ओढत मागच्या दाराजवळच्या गटाराच्या जाळीवर आणली आणि उपडी केली. पाणी गेलं, तळाशी दाट चिखल राहिला. ब्रश धुतल्याचा गाळ असणार, असं त्यांना वाटलं. एखाद्या दुसऱ्या बाईनं तो तसाच सोडला असता. पण ह्या हॅनाबाई. त्यांनी नळी लावून, हातानं खरवडून, सगळा गाळ जाळीतून खाली घालवला. बादली घासली, लखलखीत केली आणि शेडमध्ये पालथी घालून ठेवली.

सात दिवस जमिनीवर बसून सुतक पाळताना बाईंना एकाच गोष्टीचा आधार होता. मुलाला वाचवता आलं नाही, पण त्याच्या मागे रीतीत काही चुकलं नाही. पाणीसुद्धा राहिलं नाही. सांत्वनाला आलेल्या बायकांना त्या हे पुन्हा पुन्हा सांगायच्या. बायका म्हणायच्या, “बरं केलंत, हल्ली कोण करतं?”

अक्षया मिळेल त्या विमानानं आली होती. आली तेव्हा घरातले सगळे कप पालथे, किटली कोरडी, आणि ती काही न विचारता दारातच खाली बसली. ही मुलगी मूळची पुण्याची, सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इथं आलेली. ज्यू नाही म्हणून पहिलं वर्षभर हॅनाबाई तिच्याशी कामापुरतंच बोलल्या होत्या. मग एकदा फोनवर अक्षया आशेरला रागावताना ‘अरे मेल्या’ म्हणाली आणि बाई इतक्या हसल्या की सगळा राग तिथंच संपला. इंग्रजी बोलणाऱ्या आप्तांच्या गोतावळ्यात बाईंशी पोटभर मराठी बोलणारं आता ती सोडून कुणी उरलं नव्हतं. आणि आता तर इथं दोघींना एकमेकींशिवाय आपलं असं कुणी नव्हतं.

महिना झाल्यावर अक्षया एका संध्याकाळी आली नि म्हणाली, “मम्मी, ग्वेनचा फोन होता. तिच्याकडे आशेरचे वाडगे आहेत. एकदा भाजलेले, कोरे. त्यानं झिलईसाठी ठेवले होते.”

“मग?”

“मग ग्वेन म्हणते, आपण त्याच्याच झिलईत बुडवू आणि ती भाजून देईल. मम्मी, माझ्याकडे त्याच्या हातचं पुरं झालेलं काही नाही हो. काहीच नाही. टीव्ही आहे, सायकल आहे, आयफोन आहे. त्याच्या हातचं काही नाही. एवढं झालं ना, तर मला काहीतरी धरायला राहील.”

हॅनाबाईंनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, “अगं, करू या की. त्यात काय एवढं? त्याचं सगळं सामान शेडमध्ये जसंच्या तसं आहे. मी कशाला हात लावू दिला नाही कुणाला.” आणि हे त्या अगदी मनापासून बोलल्या. झिलई म्हणजे रंगासारखी डब्यात असणार, अशी त्यांची समजूत. फळीवर दोन डबे होते, ते त्या दर शुक्रवारी हळुवार पुसायच्या.

रविवारी ग्वेन आपली जुनी व्हॅन घेऊन आली. साठीची, उंच, कमी बोलणारी वेल्श बाई. हॅनाबाईंनी दोघींना शेडमध्ये नेलं नि मोठ्या अभिमानानं ते डबे काढून दिले. ग्वेननं झाकण उघडलं. आत कोरडी तांबडी पूड.

“हा नुसता गंज,” ग्वेन इंग्रजीत म्हणाली. “झिलई बादलीत होती. झाकणाची मोठी बादली. वर पाणी सुटतं, खाली दाट बसते. कुठे आहे?”

कोपऱ्यात बादली पालथी होती. घासलेली, स्वच्छ. अक्षयानं ती उचलून आत पाहिलं, मग खाली पाहिलं, मग फळीच्या मागे पाहिलं, दुसरी एखादी असेल म्हणून.   हॅनाबाईंना त्या गाळाचा स्पर्श आठवला. किती मऊ होता तो, लोण्यासारखा, बोटांना सोडत नव्हता, म्हणून त्यांनी नळीचा जोर वाढवला होता.

गप्प राहता आलं असतं. शेडला कुलूप नव्हतं, बादली गळली म्हणता आलं असतं. म्हातारीवर कोण संशय घेणार?

“मी ओतली,” हॅनाबाई म्हणाल्या.

“काय?”

“तो गेला ना, तेव्हा. घरातलं पाणी ओततात आमच्यात. मी सगळं ओतलं. ही पण ओतली. मला वाटलं घाण पाणी आहे, अक्षया. मी धुऊन टाकली.”

 अक्षया ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “त्यात तुमचं झाड होतं मम्मी. बाबांचं झाड.” मग ती शेडच्या उंबऱ्यावर बसली नि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली, आणि हॅनाबाईंना तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीर होईना. त्या हाताची त्यांना शिसारी आली होती.

दुसरी झिलई करता येईल का, असं बाईंनी ग्वेनला विचारलं. ग्वेन म्हणाली, झिलई करता येईल, पण ती माझी होईल. ते झाड गेलं, त्यातलं काय किती होतं ते त्याच्या बोटांना माहीत होतं. मग तिनं विचारलं, “ओतलीत कुठे?”

गटाराची जाळी दाखवली. ग्वेननं खाली वाकून बघितलं. म्हणाली, ह्या जाळीखाली पाणी साठून राहणारा खड्डा असतो, जड गाळ एकदम वाहून जात नाही, तळाशी बसतो. पण महिना झाला, वर पाऊस, किचनचं पाणी. काही उरलं असेल असं सांगता येत नाही.

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हॅनाबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. गुडघेदुखीमुळे ज्यांनी कितीतरी दिवसांत चपलेचा बंद स्वतः लावला नव्हता, त्या बाई. त्यांनी जाळी उपसली, बाही खांद्यापर्यंत सारली नि त्या काळ्या, तेलकट, कुजक्या पाण्यात हात घातला. रोज दहादा साबणानं धुतला जाणारा हात. आधी केस निघाले, भाताची शितं, पानं. अक्षया उठून आली, म्हणाली, “मम्मी, राहू द्या, मी करते.” बाईंनी ऐकलं नाही. त्या पार तळाला पोचल्या, आणि तिथं बोटांना ते लागलं. मऊ, लोण्यासारखं. ओळखीचं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “अगं, आहे थोडं. वाटी आण.”

किचनमधून वाट्या आल्या. तिघींनी मिळून जेमतेम कपभर गाळ काढला. ग्वेननं तो आपल्या बारीक चाळणीतून पुन्हा पुन्हा गाळला. ती म्हणाली, एका वाडग्यापुरतं आहे, तेही आतूनच. आणि यात काय काय मिसळलंय देव जाणे, आशा धरू नका. अक्षयानं कोऱ्या वाडग्यांतला एक निवडला. त्याच्या बुडाशी आशेरच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता.

भट्टी लागली, आणि मग ती निवेपर्यंत उघडायची नाही, हे आलंच. ते दिवस हॅनाबाईंना फार वाईट गेले. आणि का गेले, ते कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं. अक्षया रोज फोन करायची, ऑफिसातून, ट्रेनमधून. म्हणायची, “मम्मी, तुमच्या त्या प्रार्थना म्हणताय ना? नीट निघू दे म्हणा.” बाई म्हणायच्या, “हो गं, म्हणते.” आणि फोन ठेवला की त्यांच्या मनात भलतंच यायचं. त्यांना वाटायचं, नीट नको निघायला. फुगे येऊ देत, तपकिरी निघू दे, काकवीसारखं निघू दे, जसं चार वर्षं निघत आलं तसं. तसं निघालं की ग्वेन मान हलवेल आणि म्हणेल, ह्याही वेळी नव्हतंच जमलं त्याला. म्हणजे मग आपण काय ओतलं? आणखी एक फसलेली बादली. तो स्वतःही ओतणारच होता. हा विचार त्यांना इतका गोड वाटायचा की त्या दचकायच्या. स्वतःच्या मुलाचं फसलेलं असावं म्हणून देवाकडे मागणारी आई. तरी मागायच्या. सकाळी मागायच्या, भांडी घासताना मागायच्या.

भट्टी उघडायला दोघी ब्रेंटफर्डला गेल्या. ग्वेननं दार उघडलं, अजून ऊब होती. तिनं हातमोज्यातल्या हातानं वाडगा बाहेर काढला नि खिडकीपाशी टेबलावर ठेवला.

बाहेरून तो कोराच, मातकट. आतला वरचा भाग कोरडा, खरखरीत, झिलई पुरली नव्हती ते दिसतच होतं. काठाजवळ गटारातल्या रेतीचा एक कण चिकटलेला. हॅनाबाईंनी हे सगळं पाहिलं आणि त्यांचा श्वास मोकळा झाला. नव्हतंच जमलं. देवा, नव्हतंच जमलं.

मग ग्वेननं वाडगा उजेडाकडे कलता केला.

तळाशी, जिथं झिलई ओघळून दाट साठली होती, तिथं नाण्याएवढी जागा काळीभोर झाली होती. आणि त्या काळ्यात चहूबाजूंनी गंजाच्या रंगाच्या बारीक रेघा उतरलेल्या, एकमेकींना न चिकटता, थेट मधोमध.

 ग्वेननं चष्मा काढला. “हेच,” ती म्हणाली. “तो हेच शोधत होता. जमलं होतं त्याला. सगळे वाडगे असेच निघाले असते.”

अक्षयानं वाडगा दोन्ही हातांत घेतला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला राग आला होता की नाही, कोण जाणे. आला असला तरी त्या क्षणी ती तो विसरली होती. तिनं वाडगा हॅनाबाईंच्या पुढे धरला. म्हणाली, “बघा ना मम्मी. जमलं होतं त्याला. बघा.”

बघावं तर लागणारच होतं. हॅनाबाईंनी वाडगा घेतला. तो अजून कोमट होता. त्यांनी त्या नाण्याएवढ्या जागेवर बोट ठेवलं, तर ती काचेसारखी गुळगुळीत लागली. कितीतरी दिवस त्यांनी हे होऊ नये म्हणून प्रार्थना केली होती आणि देवानं ती ऐकली नव्हती. मुलगा जिंकला होता, ते त्याला कळलं नाही, आणि ज्या हातांनी त्याला न्हाऊमाखू घातलं त्याच हातांनी ते सगळं गटारात घातलं होतं. आशेर गेल्यापासून न आलेलं रडणं आता आलं, आणि ते थांबवता येईना. अक्षयानं त्यांना धरलं.

“हो गं,” हॅनाबाई म्हणाल्या. “जमलं होतं त्याला.”